गोप्रोचा व्हिडिओ लॅपटॉपवर अडकतोय? नवीन लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा



गेल्या आठवड्यात दापोलीकडच्या एका मुलाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "ताई, तुमचा चॅनल बघून ॲक्शन कॅमेरा घेतला. आता ९०,००० चा लॅपटॉप हप्त्यावर घेतोय. शनिवारी डाऊनपेमेंट आहे. बरोबर करतोय ना?" मी विचारलं, आत्ताच्या लॅपटॉपला काय झालंय? तर म्हणे, व्हिडिओ अडकतो. प्ले दाबलं की दोन सेकंद नीट चालतो, मग चित्र थांबतं आणि आवाज एकटाच पुढे जातो. एडिटिंगला घेतलं की सॉफ्टवेअरच बंद पडतं.

मेसेज वाचून मला माझाच २०२२ चा डिसेंबर आठवला. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि त्याच्यासारखे अजून जे कोणी शनिवारची वाट बघत असतील त्यांच्यासाठीही. चॅनलवरच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर सगळं करून दाखवलंय, पण तिथे आकडे पटापट जातात. ते इथे नीट मांडते.

माझं मालवणात दुकान आहे, मोबाइल ॲक्सेसरीज, फोटो प्रिंट आणि झेरॉक्सचं. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तारकर्लीच्या बाजूला स्कुबा डायव्हिंग करवणाऱ्या एकाने मला काम दिलं. सहा जणांचा ग्रुप, प्रत्येकाचा पाण्याखालचा एक-एक मिनिटाचा व्हिडिओ. "ताई, माका आठच्या आत व्हिडिओ होयो. पावणे रातच्या गाडीन जातले." मी म्हटलं, त्यात काय? दुपारी दीडला कार्ड हातात, म्हणजे साडेसहा तास आहेत.

त्यांच्या डायव्हरला कॅमेऱ्याचं सेटिंग मीच सांगितलं होतं. सगळ्यात वरचं ठेव, ५.३के, ६० फ्रेम. पाहुण्यांना बेस्ट क्वालिटी द्यायची ना! आठ वाजले तेव्हा माझा पहिला व्हिडिओसुद्धा पूर्ण झाला नव्हता. रात्री अकराला तीन झाले, त्यातल्या एकात आवाज पुढे-मागे. पाहुणे गाडीत बसून गेले. पैसे परत दिले, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण त्या सीझनला त्या माणसाने मला परत फोन केला नाही, ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी १,१०,००० चा लॅपटॉप बघायला निघाले होते. वाटेत आमच्याकडचे एक लग्नाचे व्हिडिओ करणारे काका भेटले, कॅसेटच्या जमान्यापासूनचे. त्यांनी दुकानात येऊन माझी फाइल बघितली आणि म्हणाले, "लॅपटॉपाचो काय दोष नाय. तू थेट ओरिजिनलावर काम करतंस. प्रॉक्सी कर." मी बीबीए केलेली, कॉम्प्युटरवर रोज बसणारी, आणि हा शब्द मला माहीतच नव्हता.

फाइल लहान, पण लॅपटॉपला जड. असं का?

बहुतेकांना वाटतं, फाइल मोठी म्हणून अडकते. तसं असतं तर डाऊनलोड केलेला दोन जीबीचा सिनेमाही अडकला असता. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती दुकानदाराला पटकन समजते.

आपली रोजमेळाची वही डोळ्यापुढे आणा. पानाच्या सुरुवातीला आरंभीची शिल्लक लिहिली आहे आणि खाली फक्त जमा-नावे. मधल्या कुठल्याच ओळीत शिल्लक लिहिलेली नाही. आता मी विचारलं, चाळिसाव्या ओळीला गल्ल्यात किती होते? तुम्हाला वरून चाळीस ओळी बेरीज-वजाबाकी करत यावं लागेल. वहीत जागा वाचली, पण उत्तर द्यायला वेळ लागला.

एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, अशीच वही लिहितं. एक फ्रेम पूर्ण ठेवतं आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते ठेवतं. हे तंत्र २०१३ मध्ये आलं. त्याआधीचं एच.२६४ हे २००३ चं, त्याचीही रीत तीच, पण एचईव्हीसीचा हिशोब जास्त गुंतागुंतीचा आहे. म्हणून तेवढ्याच क्वालिटीला जागा कमी लागते आणि उलगडताना मेहनत जास्त. सिनेमा बघताना तुम्ही वही पहिल्या पानापासून सरळ वाचता, म्हणून त्रास होत नाही. एडिटिंगमध्ये मात्र तुम्ही इथे क्लिक करता, तिथे क्लिक करता, मागे जाता. प्रत्येक क्लिकला लॅपटॉप परत आरंभीच्या शिल्लकेपासून बेरीज करतो.

त्यात किती मोठी बेरीज, तेही बघा. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ठिपके. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, त्याच्या बरोबर चौपट. गोप्रोचं ५.३के म्हणजे ५३१२ गुणिले २९८८, जवळजवळ १ कोटी ५९ लाख. हे सेकंदाला ६० वेळा. माझ्या त्या सहा जणांच्या व्हिडिओत लॅपटॉपला सेकंदाला सुमारे ९५ कोटी ठिपके मांडायचे होते. फुल एचडी २५ फ्रेमला हाच आकडा सव्वापाच कोटींच्या आत असतो. म्हणजे मी १८ पट काम लावलं होतं, आणि ते व्हिडिओ पाहुणे शेवटी बघणार कशावर, तर मोबाइलवर!

शूटिंगच्या आधीच निम्मं काम होतं

आता मी आमच्या डायव्हरला कॅमेऱ्याचं सेटिंग स्वतः करून देते. ४के, २५ फ्रेम. माशांचा थवा किंवा उडी असेल, स्लो मोशन पाहिजेच असेल, तर ५० फ्रेम. बस्स.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात बरेच जण फसतात. गोप्रोच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' नावाचा पर्याय असतो, ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ. आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची. ५० निवडलं की कॅमेरा २५, ५०, १०० अशा फ्रेम देतो. ६० निवडलं की २४, ३०, ६०, १२०. दुकानात, हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली ६० वर शूट केलं तर चित्रात पट्टे फिरताना किंवा उजेड धडधडताना दिसू शकतो. नंतर तो काढणं म्हणजे डोकेदुखी. समुद्रात, रानात, रस्त्यावर उन्हात हा प्रश्न येत नाही, पण मी सगळीकडे ५० च ठेवते. कारण साधं आहे. एका कॅमेऱ्यात ३० आणि दुसऱ्यात २५ असं झालं की दोन्ही एका टाइमलाइनवर टाकल्यावर एकाची चाल झटके खाते. ६० ला २५ ने भाग जात नाही. ५० ला जातो, म्हणून २५ च्या टाइमलाइनवर ५० ची क्लिप अर्ध्या वेगाने लोण्यासारखी चालते. १०० ची पाव वेगाने.

मग ४के तरी कशाला, फुल एचडीच का नको? हा प्रश्न वर्कशॉपमध्ये हमखास येतो आणि तो योग्य आहे. उत्तर आहे उभा व्हिडिओ. रील किंवा स्टेटससाठी १०८० रुंद आणि १९२० उंच असं चित्र लागतं. आडव्या फुल एचडीतून उभा तुकडा कापला तर उंची १०८० आणि रुंदी फक्त ६०७ मिळते. तो ताणून मोठा करावा लागतो आणि माणसाचा चेहरा पुसट होतो. ४के मधून कापला तर २१६० उंच आणि १२१५ रुंद मिळतो, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा जास्तच. म्हणजे एकाच शूटमधून आडवा व्हिडिओ पण निघतो आणि रील पण. जास्त रिझोल्यूशनचा छोट्या धंद्याला खरा उपयोग हा आहे. मोठ्या टीव्हीवर बघायला कोणी मागत नाही हो. ५.३के मी फक्त एकाच वेळी वापरते, माणूस लांब आहे आणि नंतर झूम करून जवळ आणायचाय हे आधीच माहीत असेल तेव्हा.

कार्ड आणि हार्ड डिस्क

गोप्रो वरच्या सेटिंगला साधारण १०० मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने लिहितो. मेगाबिट आणि मेगाबाइट यात घोळ करू नका, आठने भागायचं. म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. सहा पाहुणे, प्रत्येकी बारा मिनिटं पाण्याखाली, म्हणजे ७२ मिनिटं आणि ५४ जीबी. एका दुपारचे! दिवसाला अशा दोन बॅच घेतल्या तर आठवड्यात किती होतात ते तुम्हीच मांडा. हिशोब न करता काम घेतलं तर चौथ्या दिवशी लॅपटॉप 'जागा नाही' म्हणतो.

कार्डावर 'व्ही३०' लिहिलेलं घ्या. त्याचा अर्थ, सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जात नाही. आपल्याला १२.५ लागतात, म्हणजे भरपूर झालं. त्याहून महाग कार्डाने चित्र सुधारत नाही. मात्र नकली कार्डापासून सांभाळा. मला एकदा १२८ जीबी लिहिलेलं कार्ड स्वस्तात मिळालं होतं. त्यात खरी जागा बरीच कमी निघाली आणि शेवटच्या दोन जणांचं शूट गेलं. आता नवीन कार्ड आलं की आधी 'एच२टेस्टडब्ल्यू' या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासते. रात्री लावून ठेवायचं, सकाळी निकाल.

कार्ड रीडरवर लोक पैसे वाचवतात, आणि ती बचत महागात पडते. जुना यूएसबी २ चा रीडर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी देतो. ५४ जीबी उतरवायला अर्धा तास जवळपास गेला. यूएसबी ३ चा रीडर आणि बरं कार्ड असेल तर तेच काम दहा-बारा मिनिटांत होतं. आठच्या आत द्यायचं असतं तेव्हा ही वीस मिनिटं सोन्याची असतात.

कार्डात डोकावलात तर तुम्हाला विचित्र नावं दिसतील. एचईव्हीसीची फाइल 'जीएक्स'ने सुरू होते आणि एच.२६४ ची 'जीएच'ने. त्यानंतरचे दोन आकडे तुकड्याचा नंबर आणि शेवटचे चार आकडे क्लिपचा नंबर. लांब शूट असेल तर कॅमेरा त्याचे तुकडे पाडतो. म्हणून ०१-०१२३ च्या पुढचा भाग ०२-०१२३ असतो. नावाप्रमाणे लावलं तर ०१-०१२४ मध्येच येऊन बसतं. मी सुरुवातीला हे न कळून एका बाईंच्या व्हिडिओत दुसऱ्याच बाईंचा शेवट जोडला होता. त्यांनीच हसून दाखवून दिलं, नशीब.

तिथेच 'एलआरव्ही' शेपटाच्या छोट्या फाइल्स असतात. लोक कचरा समजून उडवतात. ती त्याच शूटची हलकी प्रत असते, कॅमेऱ्याने स्वतः केलेली. शेपूट बदलून 'एमपी४' केलं की कुठल्याही लॅपटॉपवर चालते. मोठ्या फाइल्स कॉपी होईपर्यंत मी या बघून कोणाचा कुठला भाग चांगला ते कागदावर लिहून घेते. कार्ड मात्र व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचल्याशिवाय फॉरमॅट करत नाही, आणि कॉपी दोन ठिकाणी ठेवते.

प्रॉक्सी म्हणजे काय आणि ती करायची कशी

परत वहीकडे या. समजा मुनीमजींनी रात्री बसून प्रत्येक ओळीपुढे त्या वेळची शिल्लक लिहून ठेवली. वही जाड झाली, पण आता चाळिसावी ओळ विचारली की बोट ठेवून सांगता येतं. प्रॉक्सी म्हणजे ही दुसरी वही. मूळ व्हिडिओची आकाराने लहान आणि उलगडायला सोपी अशी नक्कल. तुम्ही कापाकापी नकलेवर करता आणि शेवटी फायनल व्हिडिओ काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल वापरतं. क्वालिटी कुठेही कमी होत नाही. हे वाक्य वर्कशॉपमध्ये तीनदा सांगते, तरी कोणीतरी विचारतंच, "पण ताई, व्हिडिओ पुसट नाही का येणार?" नाही येणार.

डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हे असं करायचं. आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ करा. हे सगळ्यात आधी, कारण एकदा टाइमलाइन बनली की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही. त्याच सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं रिझोल्यूशन निवडायची जागा आहे. तिथे 'हाफ' किंवा 'क्वार्टर' करा. फॉरमॅट विंडोजवर डीएनएक्सएचआर, मॅकवर प्रोरेस. मग मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप निवडून राइट क्लिक करा आणि 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' दाबा. पट्टी सरकायला लागते. तेवढ्यात तुम्ही जेवून या, नाहीतर गिऱ्हाईक करा. झालं की वर 'प्लेबॅक' मेनूत 'प्रॉक्सी हँडलिंग'मध्ये जाऊन 'प्रिफर प्रॉक्सीज' निवडा. आता प्ले दाबा. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा खरंच टाळी वाजवली होती दुकानात.

शेवटी 'डिलिव्हर'च्या पानावर प्रगत सेटिंगमध्ये 'यूज प्रॉक्सी मीडिया'ची चौकट असते. ती रिकामी आहे ना, हे बघून घ्या. पुसट व्हिडिओ येण्याची एकच शक्यता आहे, ती म्हणजे ही चौकट चुकून भरलेली असणं.

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतून ३८४० गुणिले २१६० आणि ६० फ्रेमपर्यंत व्हिडिओ काढता येतो. आपल्या धंद्याला त्यापलीकडे काही लागत नाही. मात्र हे सॉफ्टवेअर मेमरी खातं. १६ जीबी रॅम नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ८ जीबीवाल्यांनी शॉटकट घ्यावं, तेही फुकट आहे. त्यात 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रॉक्सी', 'यूज प्रॉक्सी' चालू केलं की झालं. फिल्मोरात परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी आपोआप बनवायचा पर्याय आहे. पॉवरडायरेक्टरमध्ये त्यालाच 'शॅडो फाइल' म्हणतात. नाव वेगळं, गोष्ट तीच. आणि मोबाइलने काढलेली क्लिप मध्ये घालायची असेल तर ध्यानात ठेवा, मोबाइलचा फ्रेम रेट बरेचदा कमी-जास्त होत राहतो आणि आवाज सरकतो. शॉटकट अशा क्लिपला स्वतःच बदलून देऊ का विचारतं, तेव्हा हो म्हणा.

प्रॉक्सीला जागा लागते आणि बनायला वेळ लागतो, हे खरं. म्हणून मी सगळ्या ७२ मिनिटांची बनवत नाही. कागदावर जे भाग लिहिले त्याच क्लिपची बनवते. काम दिलं की प्रॉक्सीचा फोल्डर सरळ डिलीट, मूळ फाइलला धक्का लागत नाही.

पाण्याखालचा रंग

हे फक्त समुद्रावाल्यांसाठी. डोंगरात, बाइकवर शूट करणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवर गेलं की लाल बहुतेक संपलेला असतो, म्हणून माणसं आजारी, हिरवी-निळी दिसतात. पाहुण्यांना तसा व्हिडिओ दिला तर ते नाराज होतात, आणि बरोबरच आहे. उपाय असा. चित्रात पांढरी असायला हवी अशी वस्तू शोधायची, सिलेंडरवरचं स्टिकर किंवा तळाची वाळू. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्यावर टेकवायचा, मग लाल थोडा वर न्यायचा, निळा किंचित खाली. चेहऱ्याकडे बघत थांबायचं. समुद्र निळा राहिला पाहिजे. नवशिके लाल इतका ओढतात की समुद्र जांभळा होतो आणि दाणे उठतात. जिथे लाल रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तिथे तो नंतर पैदा होत नाही. म्हणून डायव्हरला सांगून ठेवा, दुपारचं ऊन वरून येत असताना आणि पाहुण्याच्या जवळ जाऊन शूट कर. एकाला बसवलेला रंग त्याच बॅचच्या बाकीच्यांना कॉपी करायचा, सहा वेळा करत बसायचं नाही.

व्हिडिओ बाहेर काढणं आणि गिऱ्हाइकाला देणं

फुल एचडी, २५ फ्रेम, एच.२६४. हो, शेवटी एच.२६४ च, कारण गिऱ्हाइकाचा मोबाइल कितीही जुना असला तरी चालतो. यूट्यूब स्वतः फुल एचडीला २५-३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट सुचवतं. मी १० ठेवते. एक मिनिटाची फाइल ७५ एमबीच्या आसपास होते. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते दाबून त्याची वाट लावतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २०२२ पासून २ जीबीपर्यंत जातं. गाणं सिनेमातलं लावू नका. पाहुणे ते इन्स्टावर टाकतात, आवाज बंद होतो आणि फोन तुम्हाला येतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या.

आता लॅपटॉपचं बोलू

त्या मुलाच्या ९०,००० चा हिशोब मी त्याला फोनवर करून दाखवला. व्याज बाजूला ठेवा. १८ महिन्यांत फेडायचे तर महिन्याला ५,००० रुपये. एका व्हिडिओमागे सगळं जाऊन २०० सुटत असतील, तर महिन्याला २५ व्हिडिओ फक्त हप्त्यासाठी. आता आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. जून, जुलै, ऑगस्टमध्ये व्हिडिओ शून्य, हप्ता मात्र ५,००० च. म्हणजे बाकीच्या महिन्यांत २५ नाही, त्याहून बरेच जास्त पाहिजेत. बीबीएला फिक्स्ड कॉस्ट आणि ब्रेक-इव्हन शिकवलं होतं. मार्कही चांगले होते. पण मला ते खरं कळलं डिसेंबरमध्ये, त्या काकांनी अडवल्यानंतर.

मी काय केलं ते सांगते. माझा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. डिस्क काढून ५०० जीबीची एसएसडी टाकली, रॅम १६ केली. मजुरी धरून ६,००० च्या आत काम झालं. आज सहा जणांची बॅच कार्ड हातात आल्यापासून तीन तासांच्या आत जाते, आणि त्यात मध्ये झेरॉक्सची गिऱ्हाइकं पण होतात. तो पहिला स्कुबावाला? पुढच्या सीझनला त्याच्या शेजाऱ्याचे व्हिडिओ बघून आला. त्याच्याकडून मी थोडा जास्त दर घेतला, खोटं कशाला बोलू!

नवीन मशीन कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर एचईव्हीसी उलगडायची पूर्ण सोय चिपमध्येच नसते, विशेषतः नव्या कॅमेऱ्यांच्या १० बिट फाइलची. रॅम वाढवायची जागाच नसेल, लॅपटॉप दिवसभर तापून बंद पडत असेल, किंवा रोज दोन बॅच ठरलेल्या असतील आणि प्रॉक्सी बनायचा वेळच परवडत नसेल, तर घ्या. पण तेव्हा तुमच्याकडे ऑर्डरची वही असेल, आणि हप्ता त्या वहीतून जाईल.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं होतं. गुरुवारी रात्री तुझी एकच दहा मिनिटांची क्लिप घे, प्रॉक्सी बनव, एक मिनिटाचा व्हिडिओ कापून काढ आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लाव. त्याने ४के ची क्लिप घेतली. प्रॉक्सी बनायला २२ मिनिटं, कापायला आणि रंगाला ३५, बाहेर काढायला ६. त्याच ८ जीबीच्या लॅपटॉपवर, शॉटकटमध्ये.

शनिवारी दुपारी त्याचा परत मेसेज आला. डाऊनपेमेंट भरलं नव्हतं. विचारत होता, "ताई, रॅम घेताना जुनीच्याच वेगाची घ्यावी लागते का?" नाही, वेग वेगळा असला तरी चालते, फक्त दोन्ही कमी वेगावर चालतात. प्रकार मात्र तोच पाहिजे. लॅपटॉपच्या खालचं झाकण उघडून जुन्या रॅमचा फोटो काढून दुकानात दाखव, डीडीआर३ की डीडीआर४ ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि स्लॉट एक आहे की दोन, ते आधी बघ.